सेवकाची नोंद : कोणाची ठेव?

मंडळाच्या कार्यालयातील लोखंडी कपाट दरवर्षी नवरात्रापूर्वी झाडून पुसून घेतले जाते. यंदा त्यास एक विशेष कारण घडले. मंडळाची जुनी कागदपत्रे संगणकावर घ्यावीत असा ठराव झाला होता, आणि कोणता कागद घ्यावयाचा व कोणता नाही हे ठरविण्याचे काम आम्हा दोघातिघांकडे आले होते. वर्गणीची पावतीपुस्तके, उत्सवांचे जमाखर्च, भांड्यांच्या याद्या हे सारे भराभर एका बाजूस गेले. मग दोऱ्याने बांधलेली एक जाड फाईल हाती आली. तिच्यावर ‘सेवकवर्ग’ एवढाच शब्द होता. देवळाच्या पगारी सेवेत आजवर जी जी माणसे राहिली, त्या सर्वांचे कागद तीत होते.

त्यांत एका सेवकासंबंधीचे दोन कागद आम्हांस आढळले. पहिला, त्यांनी स्वहस्ते लिहिलेला उचलीचा अर्ज. घरात आजारपण आहे, रात्री दवाखान्यात बसावे लागते, तरी काही रक्कम आगाऊ मिळावी, अशी त्यात विनंती होती. दुसरा, त्यानंतर काही आठवड्यांनी आमच्यापैकीच एका पदाधिकाऱ्याने लिहिलेला शेरा : कामात हयगय, एकोणीस दिवस गैरहजर, भरवसा ठेवण्याजोगा माणूस नाही. तो अर्ज कार्यकारिणीच्या सभेत मोठ्याने वाचला गेला होता आणि दिवेलागणीपर्यंत त्या घरातील आजार बाजारात पोहोचला होता, हे आमच्यातील काहींस आजही आठवते. शेरा मात्र कोणी वाचून दाखविला नाही. ज्यांच्याविषयी तो होता त्यांनाही नाही. पुढे ते परगावी काम मागावयास गेले, तेथील संस्थेने आमच्याकडे पत्राने विचारणा केली, आणि आम्ही फाईल उघडून शेऱ्याची नक्कल पाठवून दिली. त्यांना ते काम मिळाले नाही. त्या दोन कागदांमध्ये अवघी सहा पाने होती. ती उलटून पाहण्याची तसदी कोणी घेतली नाही.

बैहर हे लहान गाव आहे. येथे कोणाविषयी लिहिले तर नाव न लिहिताही ओळखले जाते. म्हणून त्या गृहस्थांचे काम, साल, आजार यांपैकी काहीच आम्ही येथे सांगत नाही. लिहिण्यास त्यांची अनुमती घेतली आहे. ती कशी मिळाली ते पुढे येईल.

या प्रसंगी कोणी खोटे बोलले नव्हते, कोणी पैसा खाल्ला नव्हता. अर्ज वाचणाऱ्यास वाटले की सभेपुढे सारे यावे. शेरा लिहिणाऱ्यास वाटले की मंडळाचे हित पाहावे. तरीही जो कागद झाकावयास हवा होता तो उघडा पडला, आणि जो त्या माणसास दाखवावयास हवा होता तो झाकून राहिला. असे का व्हावे, याचा विचार करू लागलो तेव्हा आम्हांस एक मुळाचा प्रश्न पडला. सेवकाविषयी मालकाने ठेवलेली नोंद ही कोणाची वस्तू? कागद मालकाचा, शाई मालकाची, कपाटही मालकाचे. पण त्यावर जे लिहिले आहे ते कोणाचे?

आपल्या स्मृतिकारांनी असा प्रश्न दुसऱ्या रूपाने सोडविलेला आहे. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात उपनिधीचे प्रकरण आहे. आत काय आहे हे न सांगता, पेटीत वा पुडक्यात बंद करून जी वस्तू दुसऱ्याच्या हाती सोपविली जाते ती उपनिधी. ती जशी दिली तशीच परत केली पाहिजे, असा दंडक आहे. राजाने, दैवाने वा चोरांनी ती नेली तर ठेवून घेणाऱ्यास दोष नाही. पण त्याने ती मालकास न विचारता आपल्या कामासाठी वापरली तर त्यास दंड तर आहेच, शिवाय ती वस्तू वाढीसह धन्यास द्यावी लागते. महाराष्ट्रात आणि जुन्या मध्यप्रांतात वारसाचे दावे ज्या मिताक्षरेवर चालत आले, ती मिताक्षरा याच स्मृतीवरील टीका होय. तेव्हा हा विचार आपल्या घरचाच आहे. त्यातील दोन गोष्टी ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत. ठेव दुसऱ्या कोणाच्या हाती जाऊ द्यावयाची नाही, परंतु जिची आहे त्याने मागताच ती पुढे करावयाची. आणि अपराध झाला तर दंड एका ठिकाणी जातो, भरपाई दुसऱ्या ठिकाणी. राजाचा वाटा वेगळा, ज्याचे नुकसान झाले त्याचा वेगळा.

आमच्या मते सेवकाची नोंद ही अशीच ठेव आहे. त्याने आपले वय, आपले घर, आपला आजार, आपली अडचण आपल्या हाती सोपविली, ती पोटासाठी. सोपविणे त्याच्या इच्छेवर होते असेही म्हणवत नाही. नोकरी हवी तर अर्ज भरावाच लागतो.

आपल्या या भागात अशा नोंदीचे वजन काय असते हे घरोघरी ठाऊक आहे. आपल्यापैकी कित्येकांचे वडील-आजोबा नागपूर ही राजधानी असताना सरकारी खात्यांतून इकडे आले. घरात दोन पोथ्या जपल्या जात, एक देवाची आणि दुसरी सर्व्हिस बुक. त्या पुस्तकातील जन्मतारखेवर निवृत्तीचा दिवस ठरे आणि निवृत्तीच्या दिवसावर मुलीच्या लग्नाचा बेत. ज्या काळी शाळेच्या दाखल-खारिज रजिस्टरात गुरुजी वयाचा अंदाज करून सरसकट १ जुलै ही तारीख घालीत, त्या काळच्या किती माणसांनी आपल्या खऱ्या वयापेक्षा वर्ष-दोन वर्षे आधीच नोकरी सोडली असेल! न्यायालयाकडे जाऊनही यात फारसे साधत नाही. मध्यप्रदेशातील एका पोलीस कर्मचाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये पुन्हा बजावले की नोंदलेली जन्मतारीख अनेक वर्षे निमूट चालवून घेतल्यावर मागाहून ती बदलून मागता येणार नाही. न्यायालयाचे म्हणणे गैर नव्हे. उद्या प्रत्येक जण निवृत्ती जवळ आली की तारीख बदलावयास निघेल. परंतु ज्याला आपल्या पुस्तकात काय लिहिले आहे ते कधी दाखविलेच नाही, त्याने वेळेवर हरकत घ्यावी तरी कशी, हा प्रश्न उरतोच.

खाणीतील माणसाचे उदाहरण याहून कठीण आहे. बालाघाटहून बैहरकडे येताना उकव्याची मँगनीजची खाण लागते, आणि आपल्या पलीकडे मलाजखंडची तांब्याची खाण आहे. खाण अधिनियम १९५२ अन्वये कामगाराची ठराविक मुदतीने वैद्यकीय तपासणी करणे मालकावर बंधनकारक होते, आणि दगडाच्या धुळीने होणारा सिलिकोसिस व मँगनीजची विषबाधा हे विकार सरकारास कळविण्याच्या यादीत होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या अधिनियमाची जागा नव्या श्रमसंहितेने घेतली. कायदा कोणताही असो, तपासणीचा कागद तयार होतोच. छातीच्या क्ष-किरण चित्रावर डाग दिसला, तर ती गोष्ट मुकादमाच्या तोंडून हाटात जाणे हा अन्याय आहे; घरात लग्नाची मुलगी असेल तर लोक काय बोलतील ते सांगावयास नको. पण तोच कागद त्या कामगारापासून दडविणे हा त्याहून मोठा अन्याय आहे, कारण औषधोपचार आणि नुकसानभरपाई ही दोन्ही त्या एका कागदावर अवलंबून असतात. गुप्तता हा शब्द दोन्हीकडे वापरला जातो, आणि मालकाच्या सोयीने वापरला जातो, ही यातील मेख आहे.

या बाबतीत न्यायालयांनी एक पाऊल पुढे टाकले ते २००८ मध्ये. सीमा रस्ते संघटनेतील एका कार्यकारी अभियंत्यास बढती नाकारण्यात आली. पाच वर्षांचे शेरे ‘अतिउत्तम’ हवे होते. एका वर्षी त्यांस नुसता ‘उत्तम’ मिळाला होता. तो वाईट शेरा नव्हे, म्हणून त्यांना कळविण्याची गरज खात्यास वाटली नव्हती. देव दत्त प्रकरण म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की शेरा चांगला असो की वाईट, प्रत्येक शेरा संबंधितास कळविला पाहिजे; न कळविणे हा मनमानीपणा होय. पुढील वर्षी, म्हणजे मे २००९ मध्ये, केंद्र सरकारने वार्षिक अहवाल पूर्णच्या पूर्ण दाखविण्याचा आदेश काढला, आणि २०१३ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तेच तत्त्व कायम केले. ‘गोपनीय अहवाल’ हे ज्याचे नावच होते, तो निदान ज्याचा आहे त्याला तरी गोपनीय राहिला नाही.

दुसऱ्या बाजूची कथा आपल्या विदर्भातील, अकोल्याची आहे. तेथील भविष्यनिर्वाह निधी कार्यालयातील एका अधिकाऱ्याविषयी माहितीच्या अधिकाराखाली विचारणा झाली. त्यास दिलेले मेमो, कारणे दाखवा नोटिसा, झालेल्या शिक्षा, मालमत्तेची विवरणपत्रे, इतकेच नव्हे तर मुलाच्या लग्नात आलेले आहेर, हे सारे मागितले गेले. गिरीश रामचंद्र देशपांडे या अर्जदाराच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१२ मध्ये ठरविले की कर्मचाऱ्याचे सेवेतील वर्तन हा मुख्यत्वे तो आणि त्याचा मालक यांच्यातील विषय आहे. व्यापक लोकहित दाखविल्यावाचून तो तिऱ्हाइतास उघड करता येणार नाही. आहेराच्या बाबतीत आमचे काही म्हणणे नाही. परंतु लोकांच्या पैशाशी ज्याचा संबंध आहे अशा अधिकाऱ्यास त्या कामातील गैरवर्तनाबद्दल शिक्षा झाली असेल, तर ती त्याची खाजगी ठेव कशी, हे आम्हांस अद्याप उमगलेले नाही. आता तर २०२३ च्या कायद्याने माहितीच्या अधिकाराचे ते कलम आणखी आखडले आहे. लोकहितासाठी माहिती देण्याची वाट दुसऱ्या एका कलमात शिल्लक आहे एवढेच समाधान. लहान सेवकाचा अर्ज झाकण्यासाठी जे पांघरूण विणावे, ते मोठ्याने आधी ओढून घ्यावे, असे पुष्कळदा होते.

तो २०२३ चा कायदा म्हणजे डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम. २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असे एकमताने ठरविले, त्याच्या पाठोपाठ तो आला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि मुख्य बंधने लागू होण्यास त्यापुढे अठरा महिन्यांची मुदत दिली गेली. दंडाचे आकडे छाती दडपविणारे आहेत. माहितीचे योग्य रक्षण न केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत, आणि माहिती फुटल्याचे न कळविल्यास २०० कोटींपर्यंत. मंडळाच्या सभेत हे आकडे सांगितले तेव्हा एका वडीलधाऱ्या सभासदांनी आपली चष्म्याची डबी शोधावयास सुरुवात केली.

परंतु तो कायदा नीट वाचला तर त्यात तीन गोष्टी दिसतात. एक, तो संगणकावरील किंवा मागाहून संगणकावर घेतलेल्या माहितीलाच लागू आहे. आमची दोऱ्याची फाईल जोवर कपाटात आहे तोवर त्याच्या कक्षेबाहेर. ज्या दिवशी तिचे छायाचित्र मोबाईलवर घेऊन कार्यकारिणीच्या समूहात टाकू, त्या दिवशी आम्ही त्याच्या दारात उभे. दुसरी, नोकरीच्या कामासाठी माहिती वापरावयास सेवकाची संमती लागत नाही, आणि आपली माहिती पाहण्याचा व दुरुस्त करून घेण्याचा हक्क मात्र संमतीने दिलेल्या माहितीपुरताच आहे. म्हणजे जेथे त्यास विचारलेच जात नाही, तेथे पाहण्याचा हक्कही नाही. तिसरी गोष्ट आम्हांस सर्वांत खटकली. दंडाची सारी रक्कम भारताच्या संचित निधीत जमा होते. ज्याची माहिती फुटली त्याला त्यातील एक रुपयाही मिळण्याची तरतूद नाही. माहिती तंत्रज्ञानाच्या जुन्या कायद्यात निष्काळजी कंपनीकडून नुकसानभरपाई मागण्याचे जे एक कलम होते, तेही या नव्या कायद्याने वगळावयाचे ठरविले आहे. याज्ञवल्क्यांनी राजाचा दंड आणि धन्याची भरपाई ही दोन्ही सांगितली होती. आम्ही पहिली अडीचशे कोटींपर्यंत वाढविली आणि दुसरी पुसून टाकली.

बाहेरच्या जगात हे वेगळ्या रीतीने केलेले आढळते. जर्मनीत न्यूरेंबर्ग येथे एच अँड एम या कापडविक्रीच्या कंपनीच्या एका केंद्रात एक चाल होती. रजेवरून वा आजारातून परतलेल्या कामगाराशी वरिष्ठ आपुलकीने बोलत आणि मग त्याचा आजार, घरातील भांडणे, धर्मविषयक मते हे सारे टिपून ठेवीत. पन्नासपर्यंत अधिकाऱ्यांस ते वाचता येई. २०१९ मध्ये संगणकातील एका चुकीने काही तास ते साऱ्या कंपनीस खुले झाले, म्हणून उघडकीस आले. २०२० मध्ये कंपनीस ३ कोटी ५३ लाख युरोंचा दंड झाला. कंपनीने क्षमा मागितली आणि तेथील कामगारांस भरपाई देऊ केली, ती बाब आम्हांस दंडाहून मोलाची वाटते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात तर नोकरदाराने मागितल्यावर ३० दिवसांत त्याची फाईल दाखविली नाही, तर मालकास ७५० डॉलर द्यावे लागतात, आणि ते सरकारास नव्हे, त्या नोकरदारासच. रक्कम लहान आहे. तीत कोट्यवधींचा धाक नाही. पण ती ज्याच्या हाती पडावयास हवी त्याच्याच हाती पडते.

आमच्या सभेत यावर एक आक्षेप निघाला, तो हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. शेरा ज्याचा त्यास दाखवावयाचा ठरले तर खरे कोण लिहील? मनुष्य कामचुकार असला तरी उद्या देवळात समोरासमोर यावयाचे, म्हणून सारे ‘समाधानकारक’ लिहून मोकळे होतील. हे खरे आहे. सरकारी अहवालांतही हे घडते असे त्या खात्यांतून निवृत्त झालेले आमचे सभासद सांगतात. शिवाय सर्वच कागद दाखवून चालणार नाही. एखाद्या सेविकेने वरिष्ठाविरुद्ध गाऱ्हाणे लिहून दिले असेल, तर तिचे नाव त्या वरिष्ठास फाईल दाखविण्याच्या निमित्ताने कळणे हा तिचा विश्वासघात होईल. तो कागद तिचीही ठेव आहे. एकाच कागदावर दोघांचा हक्क असला की त्याची घडी जपून घालावी लागते, आणि ती कशी घालावी याचा सर्वांस लागू पडेल असा नियम आम्हांस सापडला नाही.

तरीही समोर सांगण्याचे धैर्य नसेल तर न सांगता लिहून ठेवणे हा त्यावरचा उपाय नव्हे. आमच्या त्या शेऱ्याचेच पाहा. लिहिणाऱ्याने तो त्या सेवकास दाखविला असता, तर त्यांनी एवढेच म्हटले असते की माझा अर्ज याच फाईलीत आहे, तो वाचा. एवढ्या एका वाक्याने शेरा बदलला असता. दाखविण्याने सत्य लपते असे आपण मानतो. येथे न दाखविल्यामुळे ते लपले.

आम्ही मंडळाच्या वतीने त्या गृहस्थांस पत्र लिहिले. सोबत दोन्ही कागदांच्या नकला जोडल्या, झाल्या गोष्टीबद्दल क्षमा मागितली, आणि नाव न घेता यावर लिहावे काय असे विचारले. उत्तर यावयास महिना लागला. दोनच ओळींचे होते. लिहावयास हरकत नाही. मात्र शेऱ्यात एकोणीस दिवस गैरहजर असे आहे ते चूक आहे, मी अकरा दिवस नव्हतो, ते दुरुस्त व्हावे.

हजेरीपट दुसऱ्या कपाटात होते. त्या वर्षाचा काढून आम्ही तिघांनी वेगवेगळे मोजले. अकराच भरले. मूळ शेरा न खोडता त्याच्या समासात दुरुस्ती लिहून तिघांनी सह्या केल्या, आणि ज्या संस्थेकडे पूर्वी नक्कल गेली होती तिकडे नवी नक्कल, उचलीच्या अर्जाचा उल्लेख न करता, नोंदणी टपालाने रवाना केली. ‘सेवकवर्ग’ ही फाईल तूर्त संगणकावर घेतलेली नाही. सध्या सेवेत असलेल्या प्रत्येकास आपापली पाने चिटणिसांसमोर बसून पाहता येतील. त्यासाठी मार्गशीर्षातील पहिला रविवार ठेवला आहे.